बजेट सेटअपवर इलेक्ट्रिक गिटार रेकॉर्डिंग : टोचणारा, चिरका आवाज ताळ्यावर कसा आणायचा?

उताराची_सायकल

नमस्कार मंडळी. घरी गिटार रेकॉर्ड करायला लागलोय आणि आवाजाने पार वैताग आणलाय.

सामान असं : फेंडर स्ट्रॅटच्या धर्तीची स्वस्तातली गिटार (तीन सिंगल कॉइल पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारे एकेरी गुंडाळीचे चुंबक), साधा यूएसबी इंटरफेस, जुना लॅपटॉप, त्यावर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. खरा ॲम्प नाही आणि सोसायटीत तो वाजवणं शक्यही नाही, वरच्या मजल्यावरचे आजोबा दुपारी झोपतात. म्हणून इग्नाइट ॲम्प्सचं एमिसरी हे ॲम्पची नक्कल करणारं फुकट प्लगइन टाकलंय. ऐकतो हेडफोनवर.

क्लीन आवाज चालवून घेण्यासारखा आहे. पण डिस्टॉर्शन लावलं की डब्यात माश्या कोंडल्यासारखं घोंघावतं. ट्रेबल कमी केला तर सगळाच आवाज बोदा होतो आणि माश्या मात्र तिथेच! ब्रिज पिकअपवर (तारा खाली जिथे टेकतात त्याच्या जवळचा) तर ऐकवत नाही. गिटारचा टोन नॉब फिरवला तरी ढिम्म फरक नाही.

गिटार बदलावी लागेल का? नवीन खर्चासाठी दोनेक हजारांच्या वर हात जाणार नाही.

निवांत_शनिवार

रुमाल टाकून ठेवतो. हेच दुखणं इकडेही आहे.

फेटेवाला_रॉकर

ब्रिजला हंबकर (दुहेरी कॉइलचा पिकअप) टाका. विषय संपला.

मडगावचा_बेस

फेटेवाले, थांबा जरा, आधी रोग कळू द्या.

सायकलराव, एवढं सांगा :
इंटरफेसवर 'इन्स्ट' (इन्स्ट्रुमेंट) बटण दाबलंय का?
जोरात वाजवलं की रीपरमध्ये मीटर कुठपर्यंत जातो?
एमिसरीच्या पुढे काय लावलंय? कॅबिनेट कुठलं?
गेन (डिस्टॉर्शनचा जोर) किती?

उताराची_सायकल

इन्स्ट दाबलेलं आहे. मीटर जवळजवळ लालपर्यंत जातो, कधीमधी लाल होतोही. गेन सात-आठच्या आसपास. एमिसरीच्या पुढे काही नाही, थेट मास्टर. कॅबिनेट म्हणजे वेगळं काही लावावं लागतं का?

मडगावचा_बेस

सापडलं.

एमिसरी हे फक्त 'हेड' आहे. त्यात कॅबिनेट (स्पीकरची पेटी) नाही, आणि ते मुद्दामच तसं ठेवलेलं आहे, म्हणजे ज्याला जे कॅबिनेट हवं ते त्याने जोडावं. तुम्ही सध्या जे ऐकताय ते ॲम्पच्या मागच्या स्पीकर जॅकमधून निघणारं कच्चं सिग्नल. ते कोणाच्याही कानाला टोचेल, गिटार लाखाची असली तरी.

आता हे असं का, ते सांगतो, कारण हे एकदा कळलं की पुढची निम्मी डोकेदुखी जाते. गिटारचा स्पीकर हा हाय-फाय स्पीकर नसतो. त्याला ट्विटर नसतो. बारा इंची गिटार स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने खाली पडतो. सेलेस्टियनच्या व्हिंटेज ३० ची (१९८६ पासून बाजारात आहे) किंवा ग्रीनबॅकची कागदावरची रेंज बघा, दोन्हींची वरची हद्द ५००० हर्ट्झ लिहिलेली आहे. तुमचे हेडफोन मात्र २० किलोहर्ट्झपर्यंत सगळं इमानदारीत ऐकवतात. डिस्टॉर्शन म्हणजे लाटेची टोकं कापणं, आणि टोकं कापली की वरचे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर) ढिगाने तयार होतात, पार ऐकू येण्याच्या हद्दीपर्यंत. स्पीकर ते खाऊन टाकतो. त्याच्या भरवशावरच ॲम्प बनवणाऱ्यांनी ॲम्प इतका चमकदार ठेवलेला असतो. मधला स्पीकर काढून घेतलात की उरल्या माश्या.

ट्रेबलचा नॉब इथे कामाचा नाही, कारण ॲम्पचा ट्रेबल खूप खालपासून काम करायला लागतो. त्याने गिटारचा कणा जातो, आणि ८-१० किलोहर्ट्झवरची फिसफिस थोडी कमी झाली तरी राहतेच.

उपाय फुकट आहे. त्याच इग्नाइटचं 'नॅडआयआर' नावाचं प्लगइन आहे, ते एमिसरीनंतर लावा. त्यात आयआर फाइल टाकायची. आयआर म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स : खऱ्या कॅबिनेटसमोर खरा माइक ठेवून त्या जोडीचा स्वभाव एका छोट्या वेव्ह फाइलमध्ये उतरवलेला असतो. फुकटच्या आयआर नेटवर पोत्याने मिळतात. आणि हीच तर गोची आहे. एकाच कॅबिनेटच्या पन्नास फाइली, नावात 'कॅप', 'कॅप एज', 'कोन' असं काहीबाही. कॅप म्हणजे माइक स्पीकरच्या मधल्या टोपीसमोर, सगळ्यात चमकदार. कोन म्हणजे कडेकडे, काळपट. तुम्ही कॅप एज किंवा त्याच्या जरा बाहेरच्या फाइलीपासून सुरुवात करा. दहा पुरे, शंभर डाउनलोड करू नका, रात्र जाईल आणि गाणं राहील.

तुलना करताना आवाजाची पातळी सारखी करा. जी फाइल जरा मोठ्याने वाजते तीच कानाला बरी वाटते, दरवेळी.

आणि इनपुट कमी करा. जोरात स्ट्रम केल्यावर शिखर उणे १२ डीबीच्या आसपास आलं पाहिजे. इंटरफेसच्या कन्व्हर्टरमध्ये झालेलं क्लिपिंग नंतर कुठल्याच प्लगइनने निघत नाही.

पडवीतला_प्रीॲम्प

मडगावकरांशी सहमत, एक भर.

गेन सात-आठ म्हणजे फारच. रेकॉर्डिंगला गेन तुम्हाला वाटतो त्याच्या निम्मा लागतो. खोलीत एकटी गिटार वाजते तेव्हा जास्त गेन भारदस्त वाटतो, रेकॉर्ड झाला की त्याची नुसती धूळ होते. कॉर्डमधला प्रत्येक सूर दुसऱ्याशी भांडून नको ते नवे सूर तयार करतो. पाचव्या सुराची साधी जोडी (पॉवर कॉर्ड) जास्त गेनवर तगते आणि पूर्ण सेव्हन्थ कॉर्डचा चिखल होतो, तो याचमुळे.

जाड आवाज हवा असेल तर तोच भाग दोनदा वाजवा. कॉपी-पेस्ट नाही, खरोखर पुन्हा वाजवा. एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. दोन्हींचा गेन एकेकट्याने ऐकताना कमी वाटला पाहिजे. दोन वेळच्या वाजवण्यातल्या बारीकसारीक फरकातून जी जाडी येते ती नॉबमधून येत नाही.

दुसरं म्हणजे एलिआसिंग. यावर फारसं कोणी बोलत नाही. प्रोजेक्टचा सॅम्पल रेट (सेकंदाला किती नमुने घेतले जातात तो) ४४.१ किलोहर्ट्झ असेल तर २२.०५ च्या वरचं काहीच साठवता येत नाही. पण डिस्टॉर्शन तर वरचे हार्मोनिक्स बनवत सुटतं. ते जातात कुठे? दुमडून खाली येतात. समजा ५ किलोहर्ट्झचा एक घटक आहे. त्याचा सातवा हार्मोनिक ३५ वर, तो ४४.१ मधून वजा होऊन ९.१ किलोहर्ट्झवर येऊन बसतो. त्या ९.१ चा तुम्ही वाजवलेल्या सुराशी काही संबंध नाही, म्हणून तो बेसूर, काचेवर नखं ओढल्यागत लागतो. कॅबिनेटने त्यातला बराच कापला जातो, पण जो ३-४ किलोहर्ट्झवर येऊन बसला तो राहतो. प्लगइनमध्ये 'ओव्हरसॅम्पलिंग' (आतल्या आत जास्त सॅम्पल रेटवर काम करणं) असेल तर निदान शेवटच्या रेंडरला (फाइल बाहेर काढताना) चालू करा. जुना लॅपटॉप वाजवताना कुरकुरेल, रेंडरला नाही.

फेटेवाला_रॉकर

एवढं सगळं करण्यापेक्षा हंबकर सोपा नाही का? (खवचटपणे नाही, खरंच विचारतोय.)

सोल्डर_आजोबा

फेटेवाले, हंबकर चांगलाच, पण त्यांचं बजेट दोन हजार आहे आणि त्यांच्या गिटारमध्ये जे आहे तेच अजून नीट वापरलेलं नाही. मूळ धाग्यात एक ओळ कोणीच उचलली नाही : 'टोन नॉब फिरवला तरी ढिम्म फरक नाही.'

बाळा, तो नॉब ब्रिज पिकअपला जोडलेलाच नसणार. स्ट्रॅटचं पारंपरिक वायरिंग असंच आहे. दोन टोन नॉब. एक नेक (मानेजवळच्या) पिकअपचा, एक मधल्याचा. ब्रिजला काहीच नाही. म्हणजे तिन्हींत जो सगळ्यात तिखट पिकअप, त्यालाच लगाम नाही. स्वस्त गिटारींमध्येही बहुतेक हीच नक्कल असते. पडताळून बघ : नेक पिकअपवर पहिला टोन नॉब फिरवला की आवाज मंदावतो का? मंदावला तर मी म्हणतो तेच.

इलाज चहाच्या पैशात होतो. पिकगार्ड उचल (आधी तारा काढ किंवा चांगल्या ढिल्या कर). पाचपट्टी स्विचवर मधल्या पिकअपच्या टोनची वायर ज्या लगवर (वायर जोडायच्या धातूच्या टोकावर) येते तिच्या शेजारी ब्रिजची लग रिकामी असते. त्या दोन लगमध्ये इंचभर वायरचा तुकडा जोडायचा. झालं. आता दुसरा टोन नॉब ब्रिजवरही चालेल. स्वस्त स्विचमध्ये सगळ्या लग एकाच रांगेत असतात, तिथे अंदाजाने जोडू नकोस. मल्टिमीटरचा बीप लावून कुठली लग कशाची ते आधी कागदावर लिहून घे. सोल्डरिंगची इस्त्री २५ ते ४० वॅटची पुरे. लगवर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवून ठेवलीस तर स्विचचं प्लास्टिक वितळतं.

यापुढचं थोडं खोलात. पिकअपची कॉइल आणि केबलची कपॅसिटन्स मिळून एक रेझोनन्स तयार होतो, त्या जागी आवाज फुगतो. सिंगल कॉइलचं इंडक्टन्स २.४ हेन्री धर. चांगल्या केबलची कपॅसिटन्स मीटरला १०० पिकोफॅरडच्या आसपास. ३ मीटरची केबल आणि आतली थोडी धरून ४२० होते, रेझोनन्स येतो ५ किलोहर्ट्झवर. ६ मीटरची केबल घेतली तर तो ३.८ वर उतरतो. घरी रेकॉर्ड करणारे सगळे लॅपटॉपशेजारी बसतात म्हणून आखूड केबल घेतात, आणि मग आवाज टोचतो म्हणतात! आखूड केबलच ठेवायची असेल तर व्हॉल्यूम पॉटच्या (नॉबखालच्या पोटेन्शिओमीटरच्या) इनपुट लगपासून ग्राउंडला ६८० पिकोफॅरडचा एक कपॅसिटर टाक. तोच रेझोनन्स ३.१ च्या जवळ येतो. आवाज बोदा होत नाही, त्याची धार जरा खाली सरकते, बस.

पुण्यात असशील तर तपकीर गल्लीत हे सगळं सुटं मिळतं. कपॅसिटरवर ६८१ लिहिलेलं बघून घे. महागडे 'व्हिंटेज' कपॅसिटर कोणी गळ्यात मारायला लागला तर सरळ पुढे चालू लाग.

पिकअपची उंचीही बघ. शेवटचा फ्रेट दाबून तार आणि पिकअपच्या खांबामध्ये दोन-अडीच मिलीमीटर अंतर हवं. दुकानातून येताना बऱ्याचदा ब्रिज पिकअप तारांना चिकटायच्या बेतात असतो.

निवांत_शनिवार

आजोबा, दंडवत! वाचनखूण साठवली.

मडगावचा_बेस

आजोबांचा प्रतिसाद स्वतंत्र धागा म्हणून टाकावा अशी संपादकांना विनंती.

हडसनकाठी

इकडे न्यू जर्सीत अपार्टमेंटमध्ये राहते, भिंती कागदाच्या. तरी मी छोटा ॲम्प माइक लावूनच रेकॉर्ड करते, म्हणून त्या बाजूचं लिहिते. ज्यांच्याकडे आठ इंची प्रॅक्टिस ॲम्प पडून आहे त्यांना उपयोग होईल.

पहिली गोष्ट, अशा ॲम्पच्या हेडफोन जॅकमधून थेट इंटरफेसमध्ये जाऊ नका, जर त्या जॅकवर स्पीकर सिम्युलेशन नसेल तर. पुन्हा तीच माश्यांची कथा. बॉस कटानासारख्या ॲम्पमध्ये यूएसबी आउटला कॅबिनेटचा आवाज आधीच घातलेला असतो, तिथे बिनधास्त जा.

माइक म्हणजे शुअर एसएम५७ (१९६५ पासून तोच आहे) किंवा त्याच जातीचा कुठलाही स्वस्त डायनॅमिक. ५७ चा स्वतःचाच फुगवटा ५-६ किलोहर्ट्झच्या सुमाराला आहे. तो माइक स्पीकरच्या बरोबर मधोमध लावला की टोचणारच. जाळीच्या कापडातून टोपी दिसत नाही, म्हणून खोलीतला दिवा बंद करते आणि मोबाइलचा टॉर्च कापडाला अगदी टेकवून तिरका धरते. आतली गोल टोपी आणि तिची कड स्वच्छ दिसते. कापडावर खडूने बारीकशी खूण. मग कानाला हेडफोन, डाव्या हाताने तार छेडायची आणि उजव्या हाताने माइक त्या खुणेपासून बाहेर सरकवत न्यायचा. बोटभर सरकवलात तरी जो फरक पडतो तो कुठल्याही ईक्यूने (इक्वलायझरने) पडत नाही. मला बहुतेक वेळा कडेच्या जरा बाहेर, कापडापासून दोन बोटं अंतरावर मिळतं.

ॲम्प जमिनीवर ठेवू नका, खुर्चीवर ठेवा. मागे-पुढे गोधड्या. आवाज अगदी बारीक ठेवलात तर माइकमध्ये तारांची कोरडी टकटक येते आणि तीही टोचते, तेव्हा बोलण्याच्या आवाजाइतका तरी वाजू द्या. दोन माइकच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका. दोघांत ३४ सेंटिमीटरचा फरक म्हणजे जवळजवळ एक मिलिसेकंद उशीर, आणि तेवढ्याने ५०० हर्ट्झला खड्डा पडतो, मग १५००, २५०० असे पुढे.

रात्रपाळी

ईक्यूचं कोणीच नीट लिहिलं नाही, म्हणून मी. (हेमावैम, म्हणजे हे माझं वैयक्तिक मत, मी काही स्टुडिओवाला नाही.)

वरचं सगळं करून झाल्यावरच ईक्यू. क्रम असा ठेवतो : खालून ८० ते १०० हर्ट्झपर्यंत हाय-पास, म्हणजे त्याखालचं कापायचं. वरून ८-९ किलोहर्ट्झला हलका लो-पास (त्यावरचं कापणारा), तोही आयआरनंतर अजून फिसफिस उरली असेल तरच. मग शिट्टी शोधायची. प्रत्येक आयआरमध्ये अडीच ते पाच किलोहर्ट्झच्या पट्ट्यात एखादी बारीक शिट्टी दडलेली असते, सस्टेन करताना ऐकू येते. अरुंद बेल (ईक्यूचा एकच पट्टा उचलणारा-दाबणारा फिल्टर) घेऊन तिला थोडं उचला, सरकवा, सापडली की तिथेच ३-४ डीबी खाली. पण सावध : अरुंद बेल १५ डीबी उचलून फिरवली तर सगळीकडेच भयाण वाटतं आणि माणूस दहा खड्डे पाडून बसतो. आधी न उचलता ऐकून अंदाज घ्या.

ती शिट्टी ठरावीक सुरांनाच डोकं वर काढत असेल तर टोक्यो डॉनचं टीडीआर नोव्हा फुकट आहे, डायनॅमिक ईक्यू. टोचेल तेवढंच दाबतं, बाकी वेळ गप्प बसतं.

आणि हेडफोन! स्वस्त बंद हेडफोनांना ६ ते ९ किलोहर्ट्झमध्ये स्वतःचीच टोकं असतात. कदाचित रेकॉर्डिंग ठीक आहे आणि हेडफोनच ओरडतोय. आपल्या ओळखीचं, चांगलं रेकॉर्ड झालेलं गाणं त्याच हेडफोनवर लावा, त्यातली गिटारही टोचत असेल तर कळलंच. हळू आवाजातही ऐका. आवाजाच्या पातळीप्रमाणे कानाचा कल बदलतो, फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच त्याचे आलेख काढून ठेवलेत. हळू आवाजात खाली-वर दोन्ही उणं वाटतं, म्हणून मध्यरात्री हळू ऐकून मिक्स करणारा (म्हणजे मी) ट्रेबल चढवत जातो आणि सकाळी कान धरतो.

फेटेवाला_रॉकर

बरं, मान्य. पण मेटल वाजवायचं असेल तर शेवटी हंबकर लागतोच.

सोल्डर_आजोबा

ते मान्य. पण त्याने आधी मेटल म्हटलंच नाहीये.

उताराची_सायकल

मंडळी, तुम्ही सगळे थोर आहात.

नॅडआयआर टाकलं, कॅप एजवाली एक फाइल. माश्या तिथल्या तिथे गायब! खरोखर एका क्लिकमध्ये. इतके दिवस मी ट्रेबल आणि प्रेझेन्सशी झटत होतो. इनपुट उणे १२ ला आणला, गेन चारवर. एकट्याने ऐकताना मिळमिळीत वाटलं, पण दोनदा वाजवून डावी-उजवी केल्यावर भरलं.

मग उत्साहात ८ ला लो-पास, काळपट आयआर आणि टोन पण उतरवला, तर सगळं घोंगडीखाली गेलं. लो-पास काढून टाकला. ४.२ किलोहर्ट्झच्या जवळ एक शिट्टी आहे, ती थोडी खाली केली.

आजोबा, तुम्ही म्हणालात ते बरोबर. नेकवर पहिला नॉब चालतो, मधल्यावर दुसरा, ब्रिजवर कुठलाच नाही. पिकगार्ड रविवारी उघडतो. पॉट २५० के आहेत का ५०० के हे कसं ओळखायचं? आणि मेटल वाजवत नाही, जुन्या हिंदी गाण्यांचे पीस वाजवतो थोड्या घाणेरड्या आवाजात. :)

सोल्डर_आजोबा

पॉटच्या पाठीवर किंवा कडेला छापलेलं असतं : ए२५०के, बी५००के असं. दिसलं नाही तर एका बाजूची वायर सोडवून दोन टोकांच्या लगवर मल्टिमीटर लाव. सिंगल कॉइलला सहसा २५० के असतात. ५०० के निघाले तर तेही तिखटपणाचं एक कारण, २५० के लावलेस की वरचा फुगवटा आपसूक दबेल. एकाच वेळी सगळं बदलू नकोस, कशाने काय झालं ते कळणार नाही. आधी जंपर (तो वायरचा तुकडा), मग ऐक.

उघडल्यावर फोटो टाक. इस्त्री लावायच्या आधी.

मडगावचा_बेस

आणि बेस, ड्रम्सबरोबर ऐकून मगच ठरवा. गिटार एकटी जाडजूड आणि गोड वाटत असेल तर बहुधा ती माझ्या जागेत घुसलेली असते. हाय-पास १०० च्या वरही न्यायची वेळ येते, १२०-१३० पर्यंत. एकटी ऐकताना ती किरटी वाटेल. वाटू दे.

निवांत_शनिवार

आता माझं. माझ्याकडे मल्टिइफेक्ट पेडल आहे, त्यातून लाइन आउट घेऊन इंटरफेसमध्ये जातो. सायकलरावांचं वाचून मीही नॅडआयआर टाकलं, तर आवाज एकदम बसला. उलट झालं की!

पडवीतला_प्रीॲम्प

पेडलमध्ये कॅबिनेट चालूच असणार, म्हणजे तुमचा आवाज दोन स्पीकरमधून जातोय. कुठलंही एक बंद करा. पेडलच्या ग्लोबल सेटिंगमध्ये आउटपुट 'लाइन' किंवा 'डायरेक्ट' असेल तर कॅब चालू असतं, 'ॲम्प' किंवा 'कॉम्बो' वगैरे निवडलं की बहुतेक पेडल ते बंद करतात. मी तुमच्या जागी असतो तर पेडलचं बंद करून आयआर ठेवली असती, निदान नंतर बदलता येते.

निवांत_शनिवार

'कॉम्बो' केलं, आवाज परत आला. आता फक्त पंखा चालू केला की घुंई येते. त्याला वेगळा धागा काढू का?

सोल्डर_आजोबा

काढ. रेग्युलेटर जुना गोल वळशाचा आहे का इलेक्ट्रॉनिक, ते त्यात लिही.